थोरल्याला सगळं, मग बाकीच्यांना काय? अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या वाटण्या

सोनचाफा
सध्या सासूबाई आणि मी रात्री जुन्या इंग्लंडातल्या मालिका बघतो. वाडे, बग्ग्या आणि इस्टेटीवरून रुसवेफुगवे. परवा त्यांनी विचारलं, "थोरल्यानं सगळं नेलं, मग धाकट्यांनी काय झोळी घ्यायची?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

समजा साल १७५०. नॉरफोकमधला एक जमीनदार वारला. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. मुलं सगळी अविवाहित. ५०० एकर जमीन आणि घर. शिवाय गुरं, घोडे, चांदीची भांडी, फर्निचर, रोख. देणी फेडून या सगळ्याचे ३,००० पौंड होतात. मृत्युपत्र नाही, लग्नातला करारमदारही नाही. कोणाला काय मिळेल?

दुसरा प्रश्न मताचा आहे. माझ्या मते ही पद्धत शहाणपणाची होती. आमच्या गावाकडे पणजोबांच्या जमिनीचे इतके तुकडे झालेत की पिकापेक्षा बांध जास्त. एकानं सगळं घेऊन बाकीच्यांनी नशीब काढायला बाहेर पडावं, यात वाईट काय? (सासूबाईंना हे मान्य नाही, हे सांगायला नकोच.)

तात्या_नगरकर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. वाटणीचा धागा आणि शंभरी नाही, असं होतच नाही.

कोर्टाची_पायरी
चांगला प्रश्न. उत्तराची किल्ली एकच: स्थावर एका कायद्यानं जातं, जंगम दुसऱ्या कायद्यानं. कोर्टंही वेगळी. जमिनीचे कज्जे राजाच्या कोर्टात, जंगमाची व्यवस्था चर्चच्या कोर्टात. बरीच मालमत्ता असेल तर कँटरबरीच्या आर्चबिशपचं कोर्ट.

जमीन आणि घर: मृत्युपत्र नसेल तर सगळं थोरल्या मुलाला. धाकट्याला आणि मुलींना शून्य. पण विधवेला 'डॉवर' असतं, म्हणजे नवऱ्याच्या जमिनीतला १/३ हिस्सा तिच्या हयातीपुरता. ती गेली की तोही थोरल्याकडे.

जंगम: याला १६७० चा वाटपाचा कायदा. १/३ विधवेला, उरलेले २/३ सगळ्या मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या उदाहरणात आईला १,००० आणि पाचही मुलांना ४०० पौंड प्रत्येकी.

लेकुरवाळी
थांबा थांबा. *पाचही* मुलांना? म्हणजे ५०० एकर गिळून झाल्यावर थोरला ४०० पौंड पण घेणार?

कोर्टाची_पायरी
हो. आणि हे कायद्यात मुद्दाम लिहिलेलं आहे. बाकीच्या मुलांना बापानं हयातीत धंद्यासाठी किंवा लग्नात काही दिलं असेल तर ते हिशेबात धरून वाटा कमी करायचा. वारस म्हणून जमीन मिळालेल्या थोरल्याला मात्र जमिनीबद्दल काही वजा करायचं नाही. त्याला जंगमात पूर्ण समान वाटा.

याहून कडू गोळी हवी असेल तर ऐका. बापानं जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं असेल, तर थोरला म्हणू शकत असे की ते कर्ज आधी जंगमातून फेडा. म्हणजे जमीन त्याची, बोजा उतरायचा तो धाकट्या भावंडांच्या वाट्यातून. हे थेट १८५४ पर्यंत चाललं. आणि बापाची दुकानदाराकडची साधी उधारी जमिनीतून वसूलच करता येत नसे.

लेकुरवाळी
सोनचाफा, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचंच बरोबर आहे.

उंटावरचा_शहाणा
मी धागाकर्तीच्या बाजूनं. चिडण्याआधी पर्याय काय होता ते बघा. ५०० एकरांचे पाच भाग केले तर पुढच्या पिढीत वीस-वीस एकर. त्यावर ना घोडे ठेवता येतात, ना चारवर्षीय पीकफेर घेता येते. हे उदाहरण नॉरफोकचं आहे म्हणून सांगतो: गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर ही फेरपालट तिथल्याच मोठ्या शेतांवर नावाजली. मोठा तुकडा, लांब मुदतीचा खंडकरी आणि गुंतवणूक करणारा मालक, हे तिन्ही असल्याशिवाय ते झालं नसतं. आपल्याकडे मुंबई सरकारला १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला तो उगाच नाही.

बखरकार
उंशा, मोठ्या शेताचा मुद्दा ठीक आहे, पण मोठं शेत आणि मोठा मालक या दोन वेगळ्या गोष्टी. खंडकरी चार भावांकडून जमीन घेऊनही मोठं शेत करू शकतो. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्ये अगदी उलट मत दिलं आहे: एकाला श्रीमंत करण्यासाठी बाकी सगळ्या मुलांना भिकेला लावणारा हा हक्क कुटुंबाच्याच हिताविरुद्ध आहे, आणि मोठा जमीनदार सहसा जमीन सुधारत नाही. तेव्हा 'त्या काळात सगळ्यांना हे पटतच होतं' असं नाही.

आता धाकट्यांनी काय केलं ते. चार ठराविक वाटा: चर्च, फौज, वकिली, व्यापार. चर्चमध्ये पाद्री नेमण्याचा अधिकार बऱ्याचदा जमीनदाराकडेच असे, त्यामुळे गावची पाद्र्याची जागा धाकट्यासाठी राखून ठेवता येई. फौजेतला हुद्दा पैसे भरून विकत मिळे. आणि पाचवी वाट आपल्या दारात येऊन थांबते: ईस्ट इंडिया कंपनी.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडमधल्या लॉर्डचा चौथा मुलगा. काका कंपनीचा संचालक. पोरगा १७९६ मध्ये, वयाची विशी गाठायच्या आत हिंदुस्थानात. पुढे पुण्याचा रेसिडेंट, मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. थोरला असता तर स्कॉटलंडमध्ये मेंढ्या मोजत बसला असता. आणि आर्थर वेलस्ली. बापाची अर्लची पदवी आणि इस्टेट १७८१ मध्ये थोरल्या रिचर्डकडे गेली. आर्थरला १७८७ मध्ये फौजेतली जागा घेऊन दिली. तो १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांसमोर उभा ठाकला तेव्हा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता!

रानपाखरू
आणि क्लाइव्ह! तोही घरचा नकोसा धाकटा ना?

बखरकार
नाही, क्लाइव्ह तेरा भावंडांत थोरला. श्रॉपशायरमधली वडिलोपार्जित स्टाइच इस्टेट होती, पण लहान. म्हणून थोरला असूनही १७४४ मध्ये कंपनीचा कारकून होऊन मद्रासला आला. थोरलेपण हाती असून उपयोग काय, पेटीत तेवढं असायला हवं. आणि वेलस्लींच्या थोरल्या रिचर्डनं तर कर्जापायी आयर्लंडमधली वडिलांची इस्टेटच फुंकून टाकली. थोरल्याच्या हाती दिलं म्हणजे टिकतंच, हेही खरं नाही.

तात्या_नगरकर
थोडक्यात, इंग्लंडातल्या भाऊबंदकीची किंमत पेशवाईनं मोजली. :D

बखरकार
तात्या, वाक्य टाळ्यांचं आहे, इतिहास तेवढा सरळ नाही. कंपनीत पाद्र्यांची, व्यापाऱ्यांची, कर्जबाजारी लोकांची मुलंही भरपूर होती. जमीनदारांची धाकटी मुलं हा त्यातला एक प्रवाह.

मधली_सून
सगळे मुलग्यांवरच बोलताय. मुलींचं बघू या? इथे एक गंमत आहे जी मालिकांत कधीच कळत नाही.

मूळ कायदा मुलींच्या बाबतीत वाटतो तेवढा वाईट नव्हता. मुलगा नसेल तर जमीन पुतण्याकडे जात नसे. सगळ्या मुलींना *समान* मिळे. तिथे थोरली-धाकटी भेद नाही. आणि थोरला मुलगा बापाच्या आधी मेला, पण त्याला एक मुलगी असेल, तर ती नात जिवंत धाकट्या काकाच्या पुढे! थोरल्याची जागा त्याची लेक घेते. त्या काळात आपल्याकडे मुलग्याची लेक चुलत्याला हटवून जमीन घेतेय, अशी कल्पना करून बघा.

मग मालिकांत पाच मुलींना घराबाहेर काढणारा दूरचा चुलतभाऊ येतो कुठून? तो कायद्यातून येत नाही, तो *कागदातून* येतो. बापजाद्यांनी करार करून ठेवलेला असतो की जमीन फक्त पुरुष वंशजाकडेच जाईल. म्हणजे मुलींना वगळण्यासाठी मुद्दाम वकील लावावा लागत होता. कायद्याच्या हवाली सोडलं असतं तर पाचही जणींना घर मिळालं असतं. हे कळलं तेव्हा मी त्या सगळ्या मालिका पुन्हा वेगळ्या नजरेनं पाहिल्या.

सोनचाफा
मधली_सून, दंडवत! हे अजिबात माहीत नव्हतं. हा 'कागद' नेमका काय असायचा?

कोर्टाची_पायरी
याला सेटलमेंट म्हणत. सतराव्या शतकाच्या मध्यावर वकिलांनी हे यंत्र पक्कं केलं. त्यात ऑर्लँडो ब्रिजमन याचं नाव घेतात. सहसा थोरल्याच्या लग्नाच्या वेळी कागद होई. त्यात साधारण असं:

जमीन बापाला हयातीपुरती. मग थोरल्याला, तीही हयातीपुरती. मग त्याच्या *अजून न जन्मलेल्या* थोरल्या मुलाला वंशपरंपरा. बायकोला डॉवरच्या बदल्यात ठरलेली वार्षिक रक्कम, जॉइंचर. माहेरून आणलेल्या पैशावर ती ठरे. साधारण १,००० पौंड आणले तर विधवा झाल्यावर वर्षाला १००. धाकटी मुलं आणि मुली यांच्यासाठी ठराविक रक्कम, पोर्शन. ती उभी करायला जमीन ५०० वर्षांच्या पट्ट्यानं विश्वस्तांच्या नावे करून ठेवत, म्हणजे वेळ आली की ते त्यावर कर्ज काढून पैसे वाटू शकत.

तर धागाकर्तीच्या 'थोरल्याला सगळं' या वाक्याला इथे मोठा खड्डा आहे. सेटलमेंट असलेल्या घरात थोरला मालक नसतोच. तो हयातीपुरता उत्पन्न खाणारा. विकू शकत नाही, मनाप्रमाणे वाटू शकत नाही. वर आईची वार्षिक रक्कम, बहिणींचे पोर्शन, भावांचे पोर्शन आणि आजीही जिवंत असेल तर तिचं जॉइंचर. दोन विधवा दीर्घायुषी निघाल्या की वाडा थोरल्याचा आणि उत्पन्न बायकांचं.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे पत्रिकेत सासू-आजेसासूचं आयुष्य पण बघायला हवं होतं. =))

गणिताचा_तास
एक शंका. न जन्मलेल्या मुलापर्यंत जमीन बांधता येते, तर पुढच्या दहा पिढ्या का नाही बांधत?

कोर्टाची_पायरी
कोर्टानं मर्यादा घातली होती. १६८२ पासून ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यातून तो नियम आकाराला आला: आज जिवंत असलेल्या माणसांच्या हयातीपलीकडे फार लांब बांधता येत नाही. म्हणून दर पिढीत गाठ नव्यानं मारावी लागे. नातू २१ वर्षांचा झाला की बाप त्याला म्हणणार, "बाळा, तुझ्या हातात एक पैसा नाही. मी तुला आत्तापासून वर्षासन देतो, तू इथे सही कर." दोघं मिळून जुना कागद मोडत आणि लगेच नवा करत, ज्यात बाळ पुन्हा हयातीपुरता धनी. एकविसाव्या वर्षी खिसा रिकामा असलेला मुलगा सही करणार नाही तर काय करणार?

जुना कागद मोडायची रीत तर फार्सच. एका ओळखीच्या माणसानं जमिनीवर खोटा दावा लावायचा. मालकानं म्हणायचं, "मला या जमिनीची हमी अमुक माणसानं दिली आहे." हा अमुक माणूस म्हणजे कोर्टाचा पुकारा करणारा शिपाई! तो उभा राहून 'हो, मी हमी दिली' म्हणणार, वादीशी बोलायला बाहेर जाणार, आणि परत येणारच नाही. मग कोर्ट निकाल देणार: जमीन वादीला, आणि मालकाच्या वंशजांना भरपाई म्हणून त्या शिपायानं तेवढीच जमीन द्यावी. शिपायाकडे वीतभर जमीन नाही. पण कागदोपत्री वंशजांचं नुकसान भरून निघालं, एन्टेल, म्हणजे जमीन वंशजांत बांधून ठेवणारी ती गाठ, मोडली. शिपायाला थोडे पैसे. हे १८३३ पर्यंत इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायाधीशांसमोर गंभीर चेहऱ्यानं चाललं.

तात्या_नगरकर
आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेरचे साक्षीदार उगाच बदनाम आहेत.

लेकुरवाळी
हाहाहा. पण मधली_सून यांच्या मुद्द्याकडे परत. मुलीला ४०० पौंड मिळाले आणि तिनं लग्न केलं, मग ते कोणाचे?

मधली_सून
नवऱ्याचे. लग्न लागताच तिचं जंगम त्याचं. तिची जमीन असेल तर तो विकू शकत नाही, पण उत्पन्न त्याचं, आणि मूल जिवंत जन्मलं की ती मेल्यावरही त्याच्या हयातीपर्यंत *सगळी* जमीन त्याच्याकडे. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला १/३, विधुराला बायकोच्या जमिनीतलं सगळं. पैसेवाले बाप म्हणून मुलीचा पैसा विश्वस्तांच्या हाती ठेवत आणि चॅन्सरी कोर्ट त्याला मान्यता देई. गरिबाच्या मुलीला हे परवडायचं नाही. सरसकट हक्क यायला १८८२ उजाडलं.

कोर्टाची_पायरी
आणि गावच्या पातळीवर विधवांचे नियम अजून चित्र-विचित्र. कॉपीहोल्ड जमिनी गावच्या जमीनदाराच्या दप्तरातल्या नोंदीवर चालत. कुळ मेलं की जमीनदार त्याचं सर्वांत चांगलं जनावर ओढून नेई, मग वारसाची नोंद. विधवेला काही गावांत पूर्ण जमीन मिळे, पण पुन्हा लग्न केलं किंवा वाकडं पाऊल पडलं की जाई. बर्कशायरमधल्या एन्बोर्न गावची रूढी जुन्या कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेली आहे: असं पाऊल पडलेल्या विधवेनं काळ्या मेंढ्यावर उलट्या तोंडानं बसून गावकोर्टात यायचं आणि ठराविक चावट कवन म्हणायचं. मग जमीन परत!

रानपाखरू
काय???

तात्या_नगरकर
मेंढा कोणाचा, हा माझा प्रश्न आहे.

उंटावरचा_शहाणा
तात्या, जमीनदारानं आधीच ओढून नेलेला.

लेकुरवाळी
हसले, पण बाई उलटी मेंढ्यावर बसते तेव्हा तिचा जोडीदार कुठे असतो, हे कुठल्याच पुस्तकात नसेल, नाही का?

पणजीकर
सगळं वाचलं, आता गोव्याची बाजू. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा, त्यामुळे 'बापानं सगळं एकाला दिलं' हे ऐकूनच अंगावर काटा येतो. अर्धी मालमत्ता बापाच्या मर्जीबाहेरची, ती मुलांना जायलाच हवी, मुलींना सुद्धा. इंग्रजांचं नेमकं उलटं. मला तर वाटतं, थोरल्याला देणं ही त्यांची खासियत नसून *कोणालाही काही न देण्याची मोकळीक* ही खासियत. बरोबर ना पायरीसाहेब?

कोर्टाची_पायरी
अगदी मुद्द्याचं बोललात. १६६० नंतर मालकीची जवळजवळ सगळी जमीन मृत्युपत्रानं कोणालाही देता येई. अट एवढीच, की १६७७ च्या कायद्याप्रमाणे लेखी हवं, सही हवी आणि किमान तीन साक्षीदार. जंगमाच्या मृत्युपत्राला तर साक्षीदारही लागत नसत. यॉर्कच्या प्रांतात आणि लंडनच्या नागरिकांत बायको-मुलांचा जंगमातला वाटा रूढीनं राखीव होता. तोही यॉर्कमध्ये १६९२ ला आणि लंडनमध्ये १७२४ च्या कायद्यानं गेला. जगभर लोकांना असं वाटतं की मुलाला बेदखल करायचं तर निदान एक शिलिंग ठेवावी लागते. अठराव्या शतकातल्या कायदेपंडित ब्लॅकस्टोननं तेव्हाच सांगून ठेवलं आहे की ही रोमन कायद्यावरून आलेली लोकांची चुकीची समजूत आहे. शिलिंगही द्यावी लागत नसे.

ब्लॅकस्टोनवरून आठवलं. मृत्युपत्र न करता मुलगा निपुत्रिक मेला, भावंडं नाहीत, बाप जिवंत आहे. जमीन कोणाला? बापाला नाही! जमीन खाली उतरते, वर चढत नाही, असा नियम. ती काकाला जाणार. आणि काका निपुत्रिक मेला तर काकाचा भाऊ म्हणून मग बापाला. सावत्र भावाला तर नाहीच. त्याच्यापेक्षा सरकारजमा झालेली चालेल. १८३३ ला हेही बदललं.

गणिताचा_तास
हा कायदा कोणी परीक्षेत प्रश्न विचारण्यासाठी बनवला होता का?

सूतगिरणी
एक वेगळा कोन. मी ब्रिटनमध्ये राहतो, स्थानिक अभिलेखागारात हौस म्हणून जुनी मृत्युपत्रं वाचायला जातो. ५०० एकरवाले सोडा. लोहार, चांभार, दुकानदार, पन्नास एकरवाला शेतकरी यांच्या मृत्युपत्रांत वेगळाच सूर असतो. सगळं विका आणि सगळ्या मुलांत सारखं वाटा, ही ओळ वारंवार येते. किंवा जमीन एकाला, पण त्यानं बहिणीला वर्षाच्या आत इतके पौंड द्यायचे, नाही दिले तर जमीन तिची. आईला चुलीजवळची खोली, विहिरीची वाट, सफरचंदाच्या झाडांचा हिस्सा. आणि मग भांडी: मोठी पितळी कढई एकीला, पिसांची गादी दुसरीला. हे वाचताना मला कुठे इंग्रजी कायदा दिसत नाही, मला आमची आत्या दिसते.

म्हणून 'इंग्लंडात थोरल्याला सगळं' हे जमीनदारांचं इंग्लंड. बहुसंख्यांचं नव्हे.

मधली_सून
+१. फार सुंदर. भांड्यांच्या यादीचा फोटो असेल तर टाका.

केंटवासी
धागा उशिरा पाहिला. मूळ प्रश्नातला जमीनदार नॉरफोकऐवजी केंटमध्ये मेला असता, तर पायरीसाहेबांचं अर्धं उत्तर बदललं असतं.

केंटमध्ये गॅव्हलकाइंड नावाची जुनी रूढी. विरुद्ध पुरावा नसेल तर केंटमधली जमीन या रूढीचीच समजायची. मृत्युपत्र नसेल तर जमीन *सगळ्या मुलग्यांत समान*. म्हणजे त्या उदाहरणात थोरल्याला २५० एकर, धाकट्याला २५०. मुली इथेही बाहेर. विधवेला १/३ ऐवजी निम्मी जमीन, पण पुन्हा लग्न केलं नाही तरच. हे १९२५ च्या कायद्यापर्यंत चालू होतं. ससेक्समध्ये आणि इतरत्र काही जागी तर 'बरो इंग्लिश' रूढी, तिथे सगळं *धाकट्याला*. नदी ओलांडली की शेंडेफळ राजा.

आणि आता उंशांसाठी: केंट हा इंग्लंडातला दरिद्री कोपरा नव्हता. लंडनची फळबाग म्हणून नाव कमावलेला, हॉप्स आणि चेरी पिकवणारा सधन भाग.

उंटावरचा_शहाणा
केंटला लंडनची बाजारपेठ शेजारी होती, फळबागेला लहान तुकडा पुरतो. नॉरफोकच्या गव्हाला नाही. शिवाय केंटमधल्या बड्या घराण्यांनी खास कायदे करून आपल्या जमिनी त्या रूढीतून सोडवून घेतल्या होत्या. ज्यांना परवडलं ते पळाले. समान वाटणी इतकी गोड होती तर का पळाले?

केंटवासी
कारण पळायचा निर्णय थोरल्यानं घेतला असणार. :)

बखरकार
समान वाटणी गोड की कडू, याचं उत्तर त्याच काळातल्या इंग्रज राज्यकर्त्यांनी दिलेलं आहे, आणि ते उंशांच्या बाजूनं पडतं, पण त्यांना आवडेल असं नाही.

आयर्लंड, १७०४. तिथल्या प्रोटेस्टंट सत्तेनं कायदा केला की कॅथलिक माणसाची जमीन त्याच्या सगळ्या मुलग्यांत *समान वाटलीच पाहिजे*. मृत्युपत्रानं टाळायची सोय नाही. अपवाद एकच: थोरला प्रोटेस्टंट झाला तर सगळं त्याला. बाप जिवंत असताना थोरल्यानं धर्म बदलला तर बापाचा हक्क तिथेच हयातीपुरता उरायचा. दोन-तीन पिढ्यांत कॅथलिक जमीनदार भुकटी व्हावेत हा उघड हेतू. घरात थोरल्याला बापाविरुद्ध फोडायचं, हा दुसरा. १७७८ मध्ये ही कलमं मागे घेतली.

म्हणजे स्वतःसाठी ज्येष्ठाचा वारसा आणि हरवायच्या माणसांसाठी समान वाटणी. त्यांना पूर्ण कल्पना होती की जमिनीचा अखंड तुकडा म्हणजे सत्ता: मतदार, पार्लमेंटातली जागा, पाद्री, न्यायदंडाधिकारी. तेव्हा सोनचाफा, 'शहाणपणाची' हे तुमचं विशेषण मला मान्य आहे, फक्त ते शहाणपण शेतीचं नव्हतं. व्हर्जिनियात स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांनी १७७६ मध्ये एन्टेल आणि १७८५ मध्ये ज्येष्ठाचा वारसा काढून टाकला, तो याच कारणासाठी.

सोनचाफा
हा प्रतिसाद दोनदा वाचला. आयर्लंडचं वाचून माझं मत निम्मं डळमळलं आहे. निम्मं अजून बांधांवर उभं आहे.

रानपाखरू
कोणी खमंग खटला सांगा ना. एवढ्या कायद्यात भांडणं किती झाली असतील!

कोर्टाची_पायरी
दोन सांगतो, दोन्ही शतकाच्या अगदी शेवटी.

विल्यम जेनेन्स, १७९८ मध्ये नव्वदी पार करून वारला. अविवाहित, अफाट पैसा, आणि मृत्युपत्र सापडलं ते सही नसलेलं. सही करायला निघाला तेव्हा चष्मा घरी विसरला, असं सांगतात. दावेदार पिढ्यान्‌पिढ्या उगवत राहिले, अमेरिकेतूनही आले. शंभर वर्षांहून जास्त काळ दावे चालले आणि बरंचसं वकिलांच्या घरी गेलं.

दुसरा पीटर थेलसन, लंडनचा व्यापारी, १७९७ मध्ये वारला. मृत्युपत्र केलं होतं, आणि तेच दुखणं ठरलं. कुटुंबाला ठराविक रकमा देऊन सुमारे ६ लाख पौंड बाजूला ठेवले: यावर व्याज साठत राहू दे, माझे हयात मुलगे आणि नातू *सगळे* मरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग जे साठेल ते पुढच्या पुरुष वारसांना. पोरं कोर्टात गेली, १८०५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरली. पार्लमेंट इतकं घाबरलं की १८०० मध्येच कायदा करून असं व्याज साठवण्यावर मर्यादा घातली. शेवटचा निकाल १८५९ मध्ये, आणि खर्च, गैरव्यवस्था वजा जाता फुगलेलं घबाड काही निघालं नाही.

तात्या_नगरकर
पीटरशेठनी पोरांचा विश्वास नव्हता म्हणून वकिलांवर ठेवला!

गणिताचा_तास
इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडे कोणी अशी एन्टेल करून बघितली का?

कोर्टाची_पायरी
केली. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर, स्वतः नामांकित वकील. मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला म्हणून त्याला मृत्युपत्रात वगळलं आणि इस्टेट इंग्लिश पद्धतीनं पुरुष वारसांच्या साखळीत बांधली: आधी पुतण्या हयातीपुरता, मग त्याचे मुलगे, मग पुढची शाखा. बंगालात दायभाग हा हिंदू वारसाकायदा चाले, तिथे बापाला मृत्युपत्राची मोकळीक होती, म्हणून एवढं तरी करता आलं. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षर कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मानंच, तिथे हे सुरूही होऊ शकलं नसतं. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्याच न्यायाधीशांनी, सांगितलं की हिंदू कायद्याला माहीत नसलेला असा वारसा कोणी नव्यानं निर्माण करू शकत नाही. पुतण्याचा हयातीपुरता हक्क टिकला, पुढची साखळी रद्द, आणि त्यानंतरचा हक्क परत ज्याला वगळलं होतं त्या मुलाकडे.

लेकुरवाळी
आणि मृत्युपत्र करणारा स्वतः वकील! प्रिव्ही कौन्सिलच्या निकालावर वेगळा धागा काढा पायरीसाहेब, इथे तात्या मेंढ्यावरून उतरायला तयार नाहीत.